रहस्यकथा एकाच दुकानात ठेवावी की सगळीकडे?

स्वतःची रहस्यकथा किंवा भयकथा ई-बुक म्हणून स्वतःच प्रकाशित करणाऱ्याला अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्व-प्रकाशन सेवेवर फाइल चढवताना एक प्रश्न विचारला जातो: हे पुस्तक केडीपी सिलेक्ट योजनेत घालायचे का? होकार दिला की पुढचे 90 दिवस त्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती अन्य कोणत्याही दुकानात किंवा अ‍ॅपवर, लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, विकता येत नाही आणि फुकट वाटताही येत नाही. नमुना म्हणून सुमारे दहा टक्के मजकूर तेवढा बाहेर ठेवता येतो. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण बंद केले नाही, तर आणखी 90 दिवस आपोआप सुरू होतात. छापील पुस्तक आणि ऑडिओबुक यांना ही अट लागू नाही. रहस्यकथा लिहिणारे माझे अनेक मित्र या प्रश्नाला सवयीने होकार देतात. हा निर्णय त्यांनी पूर्ण विचार करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

या बंधनाच्या बदल्यात मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे किंडल अनलिमिटेडमधला प्रवेश. ही वर्गणीची सेवा अमेरिकेत 2014 मध्ये आणि भारतात 2015 मध्ये सुरू झाली. वाचक दरमहा ठरावीक रक्कम भरतो आणि योजनेतली पुस्तके हवी तितकी वाचतो. सुरुवातीला वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला त्या पुस्तकाचे पूर्ण मानधन मिळत असे, त्यामुळे पंचवीस-तीस पानांच्या कथा सुट्या सुट्या प्रकाशित करणाऱ्यांचा मोठा फायदा होत होता. जुलै 2015 पासून हिशेब वाचलेल्या पानांवर होऊ लागला आणि तेच पान त्याच वाचकाने पुन्हा वाचले तर ते मोजले जात नाही. एका पानाचा दर आधी ठरलेला नसतो. प्रत्येक महिन्याचा निधी महिना संपल्यावर जाहीर होतो आणि तो वाचलेल्या एकूण पानांत वाटला जातो. म्हणजे आपल्या मालाचा भाव विक्री झाल्यानंतर कळतो, आणि तो ठरवण्यात लेखकाचा काहीही वाटा नसतो.

तरीही इंग्रजीत प्रणयकथा किंवा गुन्हेकथा लिहिणाऱ्या हजारो लेखकांनी हा मार्ग निवडला आहे आणि त्यांचा निर्णय मला समजतो. या प्रकारांचा वाचक झपाट्याने वाचतो, एका मालिकेचे सहा भाग आठवड्यात संपवतो आणि प्रत्येक भाग विकत घेण्यापेक्षा वर्गणी भरणे त्याला परवडते. शिवाय वर्गणीतून घेतलेले पुस्तकही अ‍ॅमेझॉनच्या क्रमवारीत धरले जाते, त्यामुळे नवे पुस्तक त्या प्रकाराच्या यादीत लवकर वर येते आणि तिथून नवा वाचक मिळतो. हे चक्र फिरण्यासाठी त्या भाषेत, त्या कथाप्रकारात, त्या वर्गणीच्या आत वाचकांची दाट वस्ती असावी लागते. माझ्या मते मराठीचा प्रश्न नेमका इथे वेगळा होतो.

त्याआधी पैशाचा मुद्दा पूर्ण करतो, कारण सिलेक्टच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तोच आहे. अमेरिकेच्या दुकानात ठरलेल्या किंमत-मर्यादेत बसणाऱ्या पुस्तकावर 70 टक्के रॉयल्टी सिलेक्टमध्ये न जाताही मिळते. भारताच्या दुकानात मात्र 70 टक्के हवे असतील तर पुस्तक सिलेक्टमध्ये असावेच लागते, नाहीतर 35 टक्के मिळतात. ब्राझील, मेक्सिको आणि जपान या देशांनाही हाच नियम आहे. कर आणि फाइलच्या आकारानुसार वजा होणारे शुल्क बाजूला ठेवले, तर 150 रुपयांच्या पुस्तकामागे 105 रुपये आणि 52 रुपये 50 पैसे असा हा फरक आहे. ज्याचा जवळजवळ सगळा वाचक भारतात आहे, त्या मराठी लेखकाला हा फरक अमेरिकेतल्या लेखकापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. इंग्रजीतले सल्ले जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

आता दुसरी बाजू. मराठी रहस्यकथेचा आजचा वाचक एका ठिकाणी नाही. कोणी मोबाइलवर प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर रोज एक भाग वाचतो, कोणी बुकगंगावरून ई-बुक घेतो, कोणी गूगल प्ले बुक्सवर खरेदी करतो, तर कोणी स्वयंपाक करताना किंवा लोकलच्या प्रवासात स्टोरीटेलवर ऐकतो. स्टोरीटेलची अडचण नाही, कारण ध्वनी-आवृत्ती अटीबाहेर आहे. प्रतिलिपीची अडचण मात्र मोठी आहे. आपल्याकडचे अनेक नवे रहस्यकथाकार तिथे क्रमशः लिहूनच वाचक मिळवतात आणि वाचकांच्या प्रतिक्रियांतून कथेला आकार देतात. तीच कादंबरी सिलेक्टमध्ये घालायची तर तिचे सगळे भाग आधी तिथून उतरवावे लागतात, आणि त्यांच्यासोबत ज्या वाचकांनी लेखकाला उभे केले त्यांचा संग्रह, अभिप्राय आणि वाट पाहणेही जाते. अशा वाचकाला 'आता अमुक अ‍ॅप घ्या' असे सांगितल्याने तो येतोच असे नाही. बहुतेक वेळा तो त्याच ठिकाणी दुसरी मालिका वाचू लागतो.

दिवाळी अंकांचा प्रश्न तर खास आपला आहे. आपल्याकडे भयकथा आणि रहस्यकथा लिहिणारा लेखक दरवर्षी एखाद-दोन अंकांत कथा देतो आणि चार-पाच वर्षांनी त्यांचा संग्रह काढतो. अंक केवळ छापील असेल तर काही बिघडत नाही. परंतु आता कितीतरी अंकांच्या डिजिटल आवृत्त्याही विकल्या जातात, आणि संग्रहाचा मोठा भाग अशा अंकांतून विक्रीला असेल, तर आपण सिलेक्टची अट मोडत असतो. ती आवृत्ती मागे घेणे संपादकाच्या हातात असते, लेखकाच्या नव्हे, आणि अट मोडल्याचे आढळले तर रॉयल्टी रोखली जाऊ शकते. म्हणून संग्रह सिलेक्टमध्ये घालण्याआधी प्रत्येक कथेचा पूर्वेतिहास तपासून संपादकांशी लेखी बोलून घ्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

सगळीकडे पुस्तक ठेवण्याचा मार्ग कष्टाचा आहे, हे मान्य करायला हवे. प्रत्येक दुकानाची खातेपद्धत, किंमत आणि हिशेब वेगळे असतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे हे काम ड्राफ्टटूडिजिटलसारखे वितरक हलके करतात. ते विक्रीतला छोटा हिस्सा घेतात आणि एकाच फाइलवरून अनेक दुकानांत पुस्तक पोहोचवतात. या मार्गावर एक मोलाचे स्वातंत्र्यही आहे: गूगल प्ले किंवा कोबो या ई-बुक दुकानांत मालिकेचा पहिला भाग कायमचा फुकट ठेवता येतो. सिलेक्टमध्ये दर 90 दिवसांत फुकट देण्यासाठी केवळ पाच दिवस मिळतात. पात्रे तीच आणि गुन्हा नवा अशा मालिकेत पहिला भाग हाच वाचकाशी होणारा परिचय असतो, तेव्हा तो सतत खुला ठेवता येणे मला फार महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. तीन महिने सिलेक्ट, मग तीन महिने सगळीकडे, विक्री दिसली नाही की पुन्हा सिलेक्ट, असे हेलकावे घेऊ नयेत. इतर दुकानांत वाचक हळूहळू जमतो, आणि पुस्तक अचानक गायब झाले की जमलेली नोंद, अभिप्राय आणि विश्वास हे सगळे पुन्हा मिळवावे लागते. निर्णय एका पुस्तकासाठी न घेता पूर्ण मालिकेसाठी आणि निदान वर्षभरासाठी घ्यावा. मालिकेचे दोन भाग एकीकडे आणि तिसरा दुसरीकडे, हा वाचकावर उघड अन्याय आहे.

मी स्वतः इंग्रजीत गुन्हेकथा लिहीत असतो तर पहिली मालिका सिलेक्टमध्येच घातली असती. मराठीत मी सगळीकडे राहणे निवडले आहे आणि भारतातल्या विक्रीवरचे निम्मे उत्पन्न त्यासाठी सोडले आहे. ज्याची कादंबरी अगदी कोरी आहे, कुठेही क्रमशः आलेली नाही, लांबीला भरघोस आहे आणि ज्याचे पुढचे दोन भाग लिहून तयार आहेत, त्याने सिलेक्टचा विचार जरूर करावा. त्याला पानांच्या हिशेबाचा आणि 70 टक्क्यांचा दोन्हींचा लाभ मिळेल. ज्याचा वाचक आधीच दुसऱ्या ठिकाणी जमलेला आहे, त्याने त्या वाचकाला सोडून जाऊ नये.