शंभरातले तेरा

हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यात शाळांच्या अनुदानाच्या वह्याही असत. त्या वह्यांमधला एक शब्द अजून डोळ्यांसमोरून हलत नाही: 'खर्ची पडले'. वरच्या कचेरीतून रक्कम खाली गेली, पोच आली, की वरच्या वहीत ती खर्ची पडायची. पुढे ती मुलांपर्यंत गेली की वाटेतच मुरली, हे त्या वहीला कळायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून रित्वा रेइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांचं युगांडातल्या प्राथमिक शाळांवरचं संशोधन वाचताना मी एकेक पान दोनदोनदा वाचलं. माझ्याच कामातला प्रश्न कुणीतरी शेवटपर्यंत नेला होता.

गोष्ट 1990च्या दशकातली. 1986 नंतर युगांडाची अर्थव्यवस्था सावरत होती, प्राथमिक शिक्षणावरची तरतूद वाढत होती. सरकारी आकड्यांत मात्र शाळेत येणारी मुलं वाढलेली दिसत नव्हती. अशा वेळी सोपं उत्तर तयार असतं: शिक्षणावर पैसा ओतून उपयोग नाही. जागतिक बँकेत काम करणाऱ्या रेइनिक्का यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उत्तर स्वीकारण्याआधी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवायचं ठरवलं. एक केंद्र सरकारची, म्हणजे किती सोडले याची. दुसरी शाळेची, म्हणजे किती मिळाले याची. 1996 मध्ये 250 शाळांत जाऊन 1991 ते 1995 या पाच वर्षांची दप्तरं तपासली.

पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे ठरलेलं अनुदान होतं. त्यातले शाळेपर्यंत सरासरी 13 टक्के पोहोचले होते. शंभरातले तेरा. आणि ही सरासरीसुद्धा जरा सांभाळून वाचावी लागते. प्रत्येक शाळेला तेरा-तेरा मिळाले, असं झालंच नव्हतं. बहुतेक शाळांना काहीच मिळालं नव्हतं, थोड्या शाळांना बऱ्यापैकी मिळालं होतं. उरलेला पैसा जिल्ह्याच्या पातळीवर दुसरीकडे वळला होता. शिक्षकांच्या पगारात एवढी गळती नव्हती. माझ्या मते याचं कारण साधं आहे. पगार थकला की शिक्षक स्वतः विचारायला येतो. खडू आणि पुस्तकं विचारायला येत नाहीत.

मग पैसा मिळाला तो कुणाला? जिथले पालक बऱ्या परिस्थितीतले, त्या शाळांना जास्त. जिल्हा कचेरीत जाऊन हक्काचं मागायला ओळख लागते, वेळ लागतो, जायचा खर्च लागतो. ज्यांच्याकडे हे नव्हतं त्यांचं अनुदान इतरत्र गेलं. कागदावर प्रत्येक मुलाला सारखं असलेलं अनुदान प्रत्यक्षात गरिबांकडे पाठ फिरवून बसलं. सार्वजनिक वित्त शिकवताना कराचा भार शेवटी कुणावर पडतो हे आपण तासन्‌तास शिकवतो. खर्चाचा लाभ शेवटी कुणाच्या पदरात पडतो, हेही तेवढ्याच बारकाईने शिकवायला हवं.

मला सगळ्यात हलवून गेला तो वेगळाच आकडा. शाळांच्या हजेऱ्या पाहिल्या तेव्हा दिसलं की या पाच वर्षांत मुलं जवळपास 60 टक्क्यांनी वाढली होती! सरकारी आकडे जागच्या जागी, आणि वर्ग भरत चाललेले. म्हणजे ज्या कोड्यापासून सुरुवात केली तेच चुकीच्या आकड्यावर उभं होतं. मुलं आली होती, पैसा आला नव्हता. मधली तूट पालक भरत होते. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पुढे सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळांनीही आलेली रक्कम फलकावर लावायची होती. 2001 मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती. आता, या सुधारणेचं सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येत नाही. 1997 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत करण्याचं धोरण आलं, पैसे पाठवण्याच्या पद्धतीही बदलल्या. पॉल हबर्ड या संशोधकाने 2007 मध्ये हाच आक्षेप घेतला आणि तो मला रास्त वाटतो. तरी रेइनिक्का आणि स्वेन्सन यांनी एक नेमकी गोष्ट मोजली होती: शाळेपासून वर्तमानपत्र मिळण्याचं ठिकाण किती लांब. जवळच्या शाळांची स्थिती लांबच्या शाळांपेक्षा जास्त सुधारली होती.

पैसा पोहोचला म्हणजे झालं, असंही मी म्हणणार नाही. इंडोनेशियाने 2005च्या कायद्याने पात्र ठरलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. पैसा थेट शिक्षकांच्या हातात गेला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी 360 शाळांमध्ये तपासलं, तर शिक्षकांची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदे कमी झाले होते, पण मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. तो निष्कर्षही मी गंभीरपणे घेते. फक्त तिथे पैसा पोहोचल्याची खात्री होती, म्हणून तो निष्कर्ष काढता आला. युगांडात 1995 साली कुणी 'पैशाने फरक पडत नाही' म्हटलं असतं, तर ते बोलणं न पोहोचलेल्या 87 टक्क्यांबद्दलचं ठरलं असतं.

युगांडातल्या पाहणीत मुख्याध्यापकांना अनुदानाचे नियम माहीत आहेत का, रक्कम कधी सुटते ते माहीत आहे का, हेही विचारलं होतं. वर्तमानपत्राच्या जवळ असलेल्यांना जास्त माहीत होतं. तिथे मी अडकले. मी इतक्या शाळांचे हिशेब पाहिले. मुख्याध्यापकांना दर वेळी विचारलं, "किती आले? पावत्या दाखवा." किती यायला हवे होते ते तुम्हाला कुणी सांगितलंय का, हे एकदाही विचारलं नाही.