पेटकरांची गोष्ट

मला ते सकाळ सकाळी येणारे मोटिव्हेशनल मेसेज अजिबात झेपत नाहीत, उगवता सूर्य आणि खाली 'हार मानू नका', अरे पण म्हणजे नक्की करायचं काय? त्यापेक्षा मुरलीकांत पेटकरांबद्दल वाचा. सांगली जिल्ह्यातला माणूस, आर्मीत बॉक्सर, आणि 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. बॉक्सिंग संपलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून, मेडल वगैरे कुणाच्या डोक्यातही नसणार, पण पुढे 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्यांनी थेट गोल्डच मारलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं गोल्ड!

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे, की बॉक्सिंग गेलं म्हणून गडी तिथेच अडकून बसला नाही, टेबल टेनिससुद्धा खेळून झालं होतं, जे जमेल ते करत गेले. आणि पद्मश्री कधी? 2018 ला. म्हणजे 46 वर्षांनी! मी असते तर निम्मं आयुष्य कुरकुर करण्यातच घालवलं असतं, खरं सांगते.