पेटंटमध्ये नसलेली ॲसिडची टाकी

इंडियानातलं वॉर्सॉ हे आमचं गाव लहानसं, पण हाडांचे इम्प्लांट बनवणारी डीप्यू कंपनी १८९५ साली इथेच सुरू झाली. पुढे झिमर आणि बायोमेटही. मी इथे धातुशास्त्राचा इंजिनियर. आमची कंपनी एखादी छोटी कंपनी विकत घ्यायला निघाली, की वकील आणि अकाउंटंट मंडळींसोबत मलाही पाठवतात.

त्या वेळी सौदा होता मणक्यातल्या केजचा. झिजलेली चकती काढून दोन मणक्यांमध्ये ही पोकळ चौकट बसवतात, तिच्यातून हाड वाढून मणके जुळतात. पीक या पॉलिमरचे केज हाडाइतपत लवचिक असतात, एक्स-रेमध्ये आड येत नाहीत. पण हाड त्यांना नीट धरत नाही. टायटेनियमला धरतं, मात्र घन टायटेनियम फार कडक: कडकपणा ११० गिगापास्कलच्या आसपास, तर हाडाचं बाहेरचं कवच १५-२०. म्हणून हवी जाळीदार रचना आणि हाडाला रुचेल असा पृष्ठभाग. झिमरने २००४ मध्ये इम्प्लेक्स घेतली ती सच्छिद्र टॅन्टलम धातूसाठी, नुव्हेसिव्हने २०१७ मध्ये व्हर्टेरा सच्छिद्र पीकसाठी, मेडट्रॉनिकने २०१९ मध्ये टायटन स्पाइन तिच्या नॅनो-पृष्ठभागासाठी. असं मटेरियल घरी घडवून, तपासून, मंजूर करून घ्यायला वर्षं जातात. मोठ्या कंपन्या ती वर्षं विकत घेतात.

समोरच्यांची पेटंट्स चोख होती, पण सगळी जाळीच्या आकारावर. मी दोन नमुने मागितले: एक थ्री-डी प्रिंटरमधून नुकताच निघालेला, दुसरा विक्रीला तयार. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यावर अर्धवट वितळलेल्या पावडरचे गोळे साबुदाण्यासारखे चिकटलेले. दुसऱ्यावर एकही नाही. सगळीकडे बारीक, एकसारखे खळगे. हाड धरतं ते याच खळग्यांना. आणि गोळा राहिलाच, तर तो सुटणार कुणाच्या तरी पाठीच्या कण्यालगत.

हे काम कुठे होतं, विचारलं. बाहेर, एका पुरवठादाराकडे. दुपारीच तिथे गेलो. साठीच्या एक बाई ॲसिडच्या टाकीत ट्रे सोडत होत्या. सूचनापत्रकात वेळ होती, पण तिची मर्यादा भलतीच सैल. टाकीत टायटेनियम विरघळत जातं तसं ॲसिड मंदावतं, म्हणून बाई बुडबुड्यांवर लक्ष ठेवून ट्रे उचलायच्या, धुवायच्या आणि दिव्याखाली तिरपा धरून राखाडी रंग सगळीकडे सारखा आलाय का बघायच्या. एक ट्रे त्यांनी परत बुडवला. ॲसिडचं मिश्रण पुरवठादाराच्या मालकीचं होतं आणि केज बनवणाऱ्या कंपनीची मालकी बदलली तर कंत्राट मोडायची त्याला मुभा होती.

बैठकीत आमच्या फायनान्सच्या साहेबांनी विचारलं, "पेटंट्स स्वच्छ आहेत ना? मग अडचण काय?" मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पुरवठादार बदलला तर धुतल्यावर उरणारा अंश, थकवा-चाचणी (पुन्हा पुन्हा भार देऊन धातू तडकतो का ते), जैव-सुसंगतता सगळं नव्याने सिद्ध करावं लागणार, कदाचित एफडीएकडेही (वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) पुन्हा जावं लागणार.

अखेर आधी पुरवठादाराशी लांब मुदतीचा करार झाला, मग सौदा. आमच्या टाकीतून हुबेहूब तसाच पृष्ठभाग निघेपर्यंत किमतीचा एक हिस्सा राखून ठेवला. ते शिकवायला त्याच बाई याव्यात आणि त्याचा वेगळा मोबदला त्यांच्या हातात पडावा, हा मुद्दा मी शेवटपर्यंत सोडला नाही. तो करारात आला.