वाळूचा रंग

भूजल हा माझा विषय. कुठेही बोलायला गेलो की शेवटी कुणीतरी विचारतंच: "परदेशी विद्यापीठं इकडे येतात, इथल्या विद्यापीठाशी करार करतात, पाण्याचे नमुने नेतात. पण ज्याच्या हापशाचं पाणी बाटलीत भरून नेलं, त्याच्या पदरात काय पडतं?"

या प्रश्नातला राग मला कळतो. मी शाळेत असताना आमच्या गावात असंच एक पथक आलं होतं. आजीने त्यांना आमच्या आडाचं पाणी शेंदून दिलं, वर चहा केला. पुढे कितीतरी दिवस ती विचारायची, "त्या पाण्याचं काय निघालं रे?" आजी गेली, उत्तर आलं नाही.

तरीही "काहीच पडत नाही" असं मी म्हणत नाही. त्याचं कारण बांगलादेशात आहे.

तिथे १९७० च्या दशकात गावोगाव हापसे बसले. तळ्यांच्या पाण्याने हगवण लागून मुलं दगावत होती, म्हणून जमिनीखालचं स्वच्छ पाणी द्यायचं ठरलं. हेतू चांगलाच होता. त्या पाण्यात आर्सेनिक हे विष असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. १९८३ मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या कातडीवर त्याच्या खुणा दिसल्या. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती या दुखण्याच्या मागावर वर्षानुवर्षं गावं फिरले, आणि १९९० च्या दशकात ढाका कम्युनिटी हॉस्पिटलबरोबर सीमेपलीकडेही नमुने तपासू लागले. भागीदारी म्हटलं की आपल्याला समुद्रापलीकडचं विद्यापीठच आठवतं, म्हणून हे आवर्जून सांगतो. पुढे ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि बांगलादेश सरकार यांनी मिळून देशभरातल्या ३,५३४ विहिरी तपासल्या. दीडशे मीटरपेक्षा उथळ असलेल्या विहिरींपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. ५० ही बांगलादेशची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची १० आहे.

चांदपूर जिल्ह्यात मेघनेकाठी मतलब नावाचा भाग आहे. तिथे ढाका विद्यापीठ आणि स्टॉकहोमचं केटीएच हे तंत्रविज्ञान विद्यापीठ यांनी जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. तिकडे बोअर हाताने घेतात. बांबूचा मांडव, शेणकाल्याने भरलेला खड्डा, दोघंतिघं जण लोखंडी पाइप वरखाली करतात आणि मिस्त्री मांडवावर बसून पाइपाच्या तोंडावर तळहात दाबून धरतो. पाइप वर जाताना तोंड बंद, खाली येताना उघडं. एवढ्यावर खालचा गाळ उसळून वर येतो. त्याचा हात हीच झडप. असे शेकडो बोअर घेतलेल्या या मिस्त्रींना ठाऊक होतं की कोणत्या खोलीवर काळी वाळू लागते, कुठे पांढरी, कुठे तांबडी.

संशोधकांनी त्यांचं म्हणणं ऐकलं, रंग नोंदवले आणि त्या-त्या थरातलं पाणी तपासलं. काळ्या वाळूतल्या पाण्यात आर्सेनिक भरपूर, तांबड्या वाळूतल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी अगदी कमी. कारण असं की तांबड्या वाळूच्या कणांवर लोहाचा गंज असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून राहतं. गाळातला पालापाचोळा कुजताना ऑक्सिजन संपला की जिवाणू तो गंज विरघळवतात, वाळू काळवंडते आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. रंग पाहून मिळतो तो अंदाज. पाणी तपासावं लागतंच. पण बोअर कुठवर न्यायचा हे ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात ही खूण परत गेली, तीही त्याच्याच भाषेत. ढाक्याच्या लोकांना त्या मिस्त्रींशी बोलता येत होतं, थर ओळखता येत होते. त्यांच्यावाचून स्टॉकहोमहून आलेल्या माणसाला गाळ दिसला असता, पण हे ऐकू आलं नसतं.

ढाक्याजवळ आराईहजारमध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ २००० पासून ढाका विद्यापीठाबरोबर काम करत आलं आहे. सुरुवातीलाच त्यांनी सुमारे ६,००० हापसे एकेक करून तपासले. एका अंगणातला हापसा विषारी, तर पलीकडचा चांगला. बहुतेकांना शंभर मीटरच्या आत चांगलं पाणी होतं. ते कुठे आहे, एवढंच ठाऊक नव्हतं. प्रत्येक घराला त्याच्या हापशाचा निकाल सांगितला, आणि वाईट पाणी असलेल्या अर्ध्याहून अधिक घरांनी हापसा बदलला. दुसऱ्याच्या अंगणात रोज कळशी घेऊन जाणं बाईमाणसाला सोपं नसतं. तरी त्या गेल्या.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की ज्याला निकाल सांगितला त्याला मिळतं. कुठल्याही करारात मी आधी हेच बघतो, पैसा किती ते नंतर. तीन वर्षांत गाशा गुंडाळणाऱ्या प्रकल्पावर माझा विश्वास नाही. जमिनीखालचं पाणी इतक्या घाईने आपलं काही सांगत नाही.

आमच्याकडे यवतमाळ, चंद्रपूरकडच्या पाण्यात फ्लोराइड आहे. विद्यार्थी नमुने आणतात तेव्हा त्यांच्या वहीत गाव, खोली, तारीख यांच्या शेजारी आणखी एक रकाना मी आखायला लावला आहे: निकाल कुणाला सांगितला, कधी. तो भरल्याशिवाय मी वहीवर सही करत नाही.