काउंट सतत कमी आणि अँटिबॉडीची टेस्ट: लॅबमधला माझा अनुभव

डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, 2,900 असा रिपोर्ट घेऊन माणूस काउंटरवर येतो आणि थेट विचारतो, "अँटिबॉडीची टेस्ट होते का?" शरीराची स्वतःचीच अँटिबॉडी या पेशी मारते आहे का, हे त्याला पाहायचं असतं. मी आधी जुने रिपोर्ट मागते. काउंट तीन महिन्यांहून जास्त काळ खाली असेल तरच तो जुनाट. डेंगी किंवा व्हायरल तापानंतर काही आठवडे पेशी कमी असणं नेहमीचंच.

एकूण आकड्यापेक्षा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती, ते महत्त्वाचं. 2,900 मध्ये 38 टक्के म्हणजे 1,102. 1,500 च्या खाली गेले की कमी, 1,000 च्या खाली मध्यम, 500 च्या खाली गंभीर.

मग स्लाइड, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब (स्मिअर), आणि ती मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी पाहिलेली हवी. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या पेशी एकमेकींना चिकटतात. मशीन तो गठ्ठा नीट मोजत नाही आणि काउंट खोटाच कमी येतो. स्मिअरच्या शेवटच्या पातळ कडेला असे गठ्ठे सापडले, की निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं. नऊ भाग रक्तात एक भाग सायट्रेट असतं, म्हणून आलेला आकडा 1.1 ने गुणायचा. स्लाइडवर मोठे, दाणेदार लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त दिसले तर गोष्ट वेगळ्याच वाटेने जाते आणि पेशींचा प्रकार ओळखणारी फ्लो सायटोमेट्री टेस्ट लागते.

बी12, फोलेट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइडची टीएसएच, पानथरीसाठी सोनोग्राफी हे सगळं अँटिबॉडीच्या आधी. औषधंही विचारायची: कार्बिमॅझोल, क्लोझॅपिन, सल्फासॅलाझिन. आणि झिंकच्या गोळ्या! महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतलं की शरीरातलं तांबं उतरतं आणि न्यूट्रोफिलही. "ती साधी ताकदीची गोळी" म्हणून हे कुणी आपणहून सांगत नाही.

यानंतर एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट. एचईपी-2 या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवरच्या इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकणाऱ्या रंगाच्या) पद्धतीनेच करून घ्यावी, आणि रिपोर्टवर टायटर (सीरम किती पातळ करूनही टेस्ट पॉझिटिव्ह राहते तो आकडा) हवा. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, त्याच्या 2019 च्या निकषांत 1:80 हा प्रवेशाचा टायटर आहे, आणि 4,000 खालच्या काउंटला 3 गुण. एकूण 10 लागतात, म्हणजे नुसता कमी काउंट आणि एएनए यांवर ल्युपस ठरत नाही. तोंड-डोळे कोरडे पडत असतील तर एसएसए-रो या अँटिबॉडीची टेस्ट वेगळी मागावी, कारण ती अँटिबॉडी असूनही एएनए कधीकधी निगेटिव्ह येते.

खरी डोकेदुखी न्यूट्रोफिलविरोधी अँटिबॉडीची. अप्रत्यक्ष पद्धतीत रुग्णाचं सीरम दात्याच्या न्यूट्रोफिलवर घालून पाहतात. ते न्यूट्रोफिल ताजे लागतात, काही तासांतच खराब होतात, म्हणून ही टेस्ट मोजक्याच ठिकाणी होते. प्रत्यक्ष पद्धतीत रुग्णाच्याच पेशी वापरायच्या, पण त्याच तर कमी! शनिवारी संध्याकाळी घेतलेलं असं सॅम्पल सोमवारी पोचलं तर ते वाया गेलं असंच समजायचं. सोमवार ते गुरुवार, सकाळीच द्या.

पॉझिटिव्ह आली म्हणून कारण सापडलं, असंही नाही. न्यूट्रोफिलच्या अंगावर अँटिबॉडी पकडणारे रिसेप्टर असतातच, त्यांना रक्तातले इम्यून कॉम्प्लेक्स (अँटिबॉडी आणि तिचं लक्ष्य यांचे जोड) उगाच चिकटतात. गरोदरपण किंवा रक्त चढवल्यानंतर तयार झालेल्या एचएलए (दुसऱ्याच्या पेशींवरच्या खुणांविरुद्धच्या) अँटिबॉडीही गोंधळ घालतात. उलट, अँटिबॉडी थोडीच असेल तर पहिली फेरी निगेटिव्ह जाते, म्हणून टेस्ट पुन्हा करतात. इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन द्यायचं ठरलं असेल तर सॅम्पल त्याच्या आधी घ्यायचं. नंतर घेतलं तर दात्यांच्याच अँटिबॉडी मोजल्या जातात.

लहान मुलांत ही अँटिबॉडी बहुधा एकटीच असते आणि काउंट आपसूक वर येतो. मोठ्यांत तिच्यामागे बरेचदा ल्युपस, शोग्रेन (तोंड-डोळे कोरडे पाडणारा आजार), संधिवात किंवा त्या दाणेदार लिम्फोसाइटचा आजार निघतो. त्यामुळे रिपोर्ट हिमॅटॉलॉजिस्टलाच (रक्तविकारतज्ज्ञाला) दाखवा. न्यूट्रोफिल वाढवणारं फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन नुसत्या आकड्यावरून देत नाहीत, इन्फेक्शन किती वेळा आणि कसलं झालं ते विचारतात. तोंडातले फोड, हिरड्या, ताप यांच्या तारखा लिहून न्या. न्यूट्रोफिल 500 च्या खाली असताना ताप 100.4 फॅरनहाइटला टेकला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट न पाहता त्याच वेळी कॅज्युअल्टी गाठा आणि शेवटचा सीबीसी सोबत ठेवा.