शेणातल्या भुंगेऱ्याला नाव देताना

ऑन्थोफॅगस या शेणभुंगेऱ्यांच्या जीनसमध्ये (जवळच्या जातींच्या गटात) आजवर २,००० हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. सह्याद्रीत शेणाखाली सापडणारे बरेचसे छोटे, काळपट भुंगेरे यातलेच. त्यामुळे सापळ्याच्या डब्यात काही वेगळं दिसलं की आम्ही आधी धरून चालतो की हे जुनंच आहे, आपल्यालाच ओळखता आलेलं नाही. बहुतेक वेळा तसंच निघतं.

वनक्षेत्रात नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. ती मेअखेर हातात नसेल तर ते वर्ष गेलं म्हणून समजा, कारण भरघोस भुंगेरे मिळतात ते पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांत.

सापळा म्हणजे अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा डबा, जमिनीत काठापर्यंत पुरलेला. काठ जरासा वर राहिला तरी बारके भुंगेरे वळसा घालून निघून जातात. आत तीन बोटं पाणी, चमचाभर मीठ, साबणाचे दोन थेंब. साबण विसरलात तर भुंगेरे पाण्यावर तरंगत राहतात आणि त्यातले काही चढून पसार होतात. डब्यावर आडव्या काडीला लिंबाएवढी ताज्या शेणाची पुरचुंडी, जुन्या सुती फडक्यात बांधलेली. त्यावर उपडी पत्रावळ हवीच, नाहीतर एका सरीत डबा भरून वाहतो. २४ तास पुरे, ४८ च्या पुढे नमुने कुजू लागतात. पण नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. शेणाखालची माती खुरप्याने वीतभर उकरा. मोठ्या शिंगांचे नर बिळाच्या तोंडाशी राखण करत बसलेले असतात.

डीएनएसाठी काही नमुने ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, बाकीचे पिनेवर. पीन उजव्या कठीण पंखातून. ५ मिलिमीटरहून लहान भुंगेरा असेल तर कागदी त्रिकोणाच्या टोकाला चिकटवायचा. फॉर्मॅलिन मुळीच नको. सांधे ताठ होतात आणि डीएनएही वाया जातो.

सगळ्यात जास्त फसवतात ती शिंगं. एकाच जातीत थोराड नराला लांब शिंग, लहान नराला नुसता कंगोरा, आणि मादीचं डोकं तिसऱ्याच घडणीचं. अळी असताना किती शेण वाट्याला आलं त्यावर हे बरंचसं ठरतं. म्हणून दोन-चार नमुन्यांवर कधीच निकाल देऊ नये. लहान-मोठे मिळून निदान १५-२० समोर मांडावेत. नुकताच कोशातून निघालेला भुंगेरा तांबूस असतो, त्याच्या रंगावर तर अजिबात जाऊ नये.

निकाल लागतो नराच्या जननावयवावरून. वाळलेला नर गरम पाण्यात १५-२० मिनिटं ठेवायचा. मग सुईचं वाकवलेलं टोक पोटाच्या शेवटच्या पट्टीखाली घालून एडीगस, म्हणजे तो जननावयव, हळूच बाहेर ओढायचा. १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या कोमट द्रावणात १० मिनिटं, आणि त्या वेळात डोळा भिंगावरून हलवायचा नाही. मांस विरघळून कवच मधासारखं पिवळं दिसलं की लगेच काढून पाण्यात, त्यात थेंबभर व्हिनेगर. जास्त वेळ राहिला तर आतली पातळ पट्टी काचेसारखी होते आणि तिची कड दिसेनाशी होते. तीच तर बघायची असते. शेवटी ग्लिसरीनच्या चिमुकल्या नळीत घालून नळी त्याच पिनेला अडकवायची. वेगळ्या डबीत ठेवलेले अवयव दोन वर्षांनी कुणाचे ते कळत नाही.

मग तुलना. आपल्याकडच्या जातींसाठी सुरुवात अजूनही कीटकशास्त्रज्ञ आरोच्या १९३१ च्या खंडापासून होते, पण त्याची किल्ली (जात ओळखायची प्रश्नावली) रंग, ठिपके आणि लवेवर बरीच चालते. खरा पुरावा मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून जातीला नाव दिलं तो, आणि जुने टाइप लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत. तिथल्या क्युरेटरना फोटो मागताना आपल्या फोटोचा कोन आणि मोजपट्टी सोबत पाठवा. पॅरामियरचं, म्हणजे एडीगसच्या टोकाकडच्या भागाचं, टोक कोन बदलला की वेगळंच दिसतं. ६५८ अक्षरांचा डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा) मदतीला चांगला, पण जुन्या टाइपचा बारकोड बहुधा नसतोच. मग तुलना करणार कशाशी?

वर्णनात जवळच्या जातींपासूनचा फरक सर्वांत आधी लिहा. होलोटाइप, म्हणजे नव्या जातीचा मुख्य टाइप नमुना, एकच, लाल लेबलाचा, आणि तो कुठल्या संस्थेत जमा केला हे पेपरात स्पष्ट हवं. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडल्याचं अधिकृत भांडारालाही कळवावं लागतं. प्राण्यांसाठी आपण झूऑलॉजिकल सर्व्हेकडे जातो. नाव विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं. ऑन्थोफॅगस पुल्लिंगी, म्हणून 'काळा' या अर्थी लॅटिन 'नायग्रा' नाही, 'नायगर'. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीची) नोंद पेपरातच छापलेली हवी, नाहीतर २०१२ पासूनच्या नियमाने ते नाव ग्राह्यच धरलं जात नाही. आणि तोवर नाव प्रबंधात, फेसबुकवर कुठेही टाकू नका.

प्रूफ आलं की होलोटाइप पेटीतून बाहेर काढून लेबल आणि मजकूर बोट ठेवून ताडायचा. महिना रोमन आकड्यांत लिहितात, आणि त्यातला सहा सहज उलटून चार होतो. मग पुढचा कुणी बिचारा एप्रिलच्या उन्हात वाळक्या गोवऱ्या उकरत बसतो.