खरेदी लेकीची, हौस आईबाबांची

लेक सप्टेंबरात पहिलीत जाणार. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, पण सामानाची यादी सुट्टी लागण्याआधीच हातात पडते. आणि यादी कसली, सरकारी निविदाच! वह्यांना नंबर. पहिलीला ‘लिनियाटूर 1’, म्हणजे आपली चौरेघीच, फक्त मधला पट्टा हलक्या रंगाने भरलेला. कुठल्या विषयाच्या वहीला कुठल्या रंगाचं कव्हर, तेही ठरलेलं. आम्ही एर्लांगनच्या दुकानात शिरलो ते अर्ध्या तासात बाहेर पडायच्या इराद्याने. नवरा पेन्सिलींच्या कप्प्यापुढेच अडकला.

तो मिरजेचा. त्याच्या वर्गात सगळ्यांकडे लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज. आखाती देशातून आलेल्या कुणाच्या तरी काकांनी दिलेली पिवळी-काळी स्टेडलर म्हणजे वर्गभर फिरवून दाखवायची चीज, तिला टोक काढायचीही हिंमत होत नसे. इथे तीच पेन्सिल सुपरमार्केटात दुधादह्याशेजारी पडलेली असते. स्टेडलर 1835 पासून न्यूरेंबर्गची, फाबर-कास्टेल 1761 पासून त्याला लागूनच असलेल्या श्टाइनची. दोन्ही गावं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नवऱ्याने दोन्ही कंपन्यांची पाकिटं उचलली. लेकीला मात्र त्याचं काडीचं अप्रूप नाही. तिला आजीने पाठवलेली नटराजच हवी, कारण ती बालवाडीत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

माझा जीव अडकला शाईपेनांत. इथली मुलं आधी पेन्सिलीने लिहितात आणि साधारण दुसरी-तिसरीत शाईपेनाकडे वळतात. अक्षर नीट झालं की पुष्कळ शाळांत बाई चक्क शाईपेनाचं लायसन्स देतात, कागदी, नावासकट! आम्हाला पाचवीत पेन मिळालं तेव्हा लायसन्स नव्हतं. निळी बोटं, निळा खिसा आणि आईची बोलणी होती. पेनातून थेंब गळला की खडू टेकवून तो शोषून घ्यायचा. शाई कॅमलची. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कंपनीची सुरुवात शाईपासूनच झाली होती.

इथे खडू लागत नाही. शाई पुसणारं पेनच मिळतं. एका टोकाने घासलं की रॉयल ब्लू शाईचा रंग उडतो. त्या जागेवर पुन्हा शाईपेनाने लिहिलं तर तेही उडतं, म्हणून दुसऱ्या टोकाला वेगळी, न पुसणारी शाई भरलेली असते. युक्ती झकास आहे, पण मला आवडलेली नाही. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारावी आणि पुढे जावं, हे आमच्या बाईंचं म्हणणं मला अजून पटतं.

दप्तराबद्दल काय सांगू! दोनशे युरोंच्या वर. दुकानातली बाई त्यात वजनं घालून, मुलीच्या पाठीवर चढवून, पट्टे घट्ट-सैल करून बघते. त्याला डीआयएन 58124 हे जर्मन मानक आहे: दिसणाऱ्या भागापैकी किमान 20 टक्के भडक चमकत्या रंगाचा, किमान 10 टक्के प्रकाश परावर्तित करणारा. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास जेमतेम उजाडत असतं आणि मुलं चालत शाळेत जातात, त्यामुळे हे पटतं. इथे दप्तर बऱ्याचदा आजी-आजोबा घेऊन देतात हे कळल्यावर माझ्या बाबांनी फोनवर हट्टच धरला. मी आकडा रुपयांत सांगितला. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही, मग म्हणाले, “त्यात चाकं आहेत का?”

आता उरलाय शाळेच्या पहिल्या दिवशीचा शूलट्यूटे: जवळजवळ मुलीएवढा उंच पुठ्ठ्याचा शंकू, खाऊ आणि शाळेच्या वस्तूंनी भरलेला. सॅक्सनी-थुरिंगियाकडची ही रीत एकोणिसाव्या शतकातली. आत काय घालायचं यावर रोज रात्री आमच्या घरात वाद चालू आहेत. सुवासिक खोडरबरावर एकमत झालं. कंपासपेटी यादीत नाही, पहिलीत लागणारही नाही, पण नवऱ्याने भावाकडून ती पत्र्याची पेटी आधीच मागवून ठेवली आहे. करकटक काढून ठेवायचं, या अटीवर मी परवानगी दिली. उरलेल्या जागेत चॉकलेटं.